ना भोक, ना जाळ

आमच्या घरात कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी फुंकर मारायची पद्धत होती. तांब्या उचलला, फू. भाकरी घेतली, फू. आब्बा नमाजाची टोपी डोक्यावर घालायच्या आधी फू करायचे आणि अम्मी चहा ओतायच्या आधी कपात फू करायची. पाहुण्यांना वाटायचं, हे काय मंत्र-बिंत्र मारतात की काय. मंत्र कसला, कापूस. आम्ही पिंजारी. यवतला हायवेपासून आत, कालव्याच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं घर, आणि पुढच्या पडवीत कायम कुणाच्या ना कुणाच्या गादीचा कापूस पसरलेला. त्याचे तंतू सगळीकडे. भिंतीवर, डाळीत, पापण्यांवर, मांजराच्या मिशांवर. जेवताना ताटावर फडकं धरायचं आणि त्याच्याखालून घास काढायचा. अम्मी बाजरीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचा ठेचा करायची, तो वास अजून नाकात आहे. पण त्या वासाबरोबर एक कोरडी, नाकात गुदगुल्या करणारी पिंज पण आठवते. आम्हाला तो कापूस दिसायचाच नाही. रोज दिसणारी गोष्ट कुठं दिसते हो माणसाला.

आब्बा सायकलवर गावं करायचे. खुटबाव, केडगाव, पाटस, मधल्या सगळ्या वाड्या-वस्त्या. सायकलच्या आडव्या नळीला त्यांची पिंजण बांधलेली असायची, माणसाच्या उंचीची लाकडी कमान आणि तिला ताणलेली तात, म्हणजे आतड्याची दोरी. गावात शिरलं की सायकल भिंतीला लावायची, पिंजण खांद्याला अडकवायची आणि तातेवर ठोकळी मारायची. टँव्, टँव्. तो आवाज ऐकला की बाया दारात यायच्या. "पिंजारीमामा, आमच्या उशा घट्ट झाल्यात बगा." मग त्यांच्याच ओट्यावर बसून आब्बा जुना दगड झालेला कापूस पिंजून पुन्हा मऊ करायचे. संध्याकाळी घरी यायचे ते डोक्यापासून वहाणेपर्यंत पांढरे. अम्मी म्हणायची, "आला बगा आमचा म्हातारा." तेव्हा ते म्हातारे नव्हते. पण गुडघे झाले होते. पिंजायला उकिडवं बसून बसून आणि सायकल रेटून रेटून त्यांचे गुडघे इतके कुरकुरायचे, की नमाजाला वाकले की पलीकडच्या खोलीत मला ऐकू यायचे.

आणि तिथंच सगळं घोडं अडलं होतं. माझे मामा शिरूरला होते. त्यांचं बाजारात गादीचं दुकान, मागं विजेवरचं पिंजायचं यंत्र आणि त्याच्यामागं दोन रिकाम्या खोल्या. मामा दर सणाला येऊन तेच म्हणायचे, "दाजी, किती दिवस पायडल मारणार? बिऱ्हाड हलवा, या शिरूरला. यंत्रापाशी खुर्ची टाकून बसा." अम्मीला जावंसं वाटायचं आणि वाटायचं नाही. सकाळी म्हणायची, भावाजवळ राहीन. दुपारी म्हणायची, भावजयीजवळ कशी राहीन. आब्बा काहीच बोलायचे नाहीत. पण मला ठाऊक होतं, माणूस खुर्चीवर बसून मरून जाईल. त्यांना ती गावं लागायची, ते ओटे, त्या बायांची भांडणं आणि सुनांच्या तक्रारी लागायच्या. आणि मला तर यवत सोडायचंच नव्हतं. माझं दहावीचं झालं होतं, पुढं काय ते कुणी बोलत नव्हतं, आणि माझं सगळं जग कालव्यापासून बाजारतळापर्यंत होतं. शेवटी मामा म्हणाले, "दिवाळीचा धंदा आटपला की मी येतो. तवा काय ते हो-न्हाई सांगा." गुडघे असेच राहिले तर हो म्हणण्यावाचून गत नव्हती.

इंजिन आलं ते भिवाआप्पांकडून. केडगावच्या अलीकडं त्यांची वस्ती. त्यांचे आजे-पणजे मेंढरं घेऊन हिंडायचे, आप्पांनी ऊस धरला होता. त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या गाद्या आब्बांनी केल्या होत्या. त्यांच्या गोठ्यात पाठीवर घ्यायचा औषध फवारायचा पेट्रोलचा पंप पडला होता. त्याचं फवारणीचं तोंड आणि पंख्याचं घर गायीनं तुडवून चक्काचूर केलेलं, इंजिन मात्र शाबूत. मी आब्बांबरोबर गेले होते, उशांची टापरं, म्हणजे खोळी, शिवून द्यायला. सहज दोरी ओढली, तर ते टर्रर्र करून ओरडलंच! गाय दावं तोडायला निघाली. आप्पा हसून म्हणाले, "ने गं पोरी, तुला लई हौस दिसतीय. माझ्या गायीच्या जिवाला तरी शांती."

हौस होतीच मला. मुलीला कशाची हौस असावी याचं आमच्याकडं काही ठरलेलं होतं, त्यात पाना-पकड नव्हती. पण घरचं शिलाईचं यंत्र मीच उघडून साफ करायची, कालव्यावरच्या मोटारपंपाचा फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह, मीच बसवून दिला होता, आणि शेजारचे लोक "शमीला बोलवा" म्हणायचे. त्यामुळं इंजिन घरी आल्याबरोबर माझ्या डोक्यात एकच चक्र फिरायला लागलं: हे सायकलवर बसलं, तर आब्बांना पायडल मारायला नको. पायडल मारायला नको, तर शिरूर नको.

आब्बांनी इंजिनाकडं बघितलं, सायकलकडं बघितलं, आणि अट घातली. "माझ्या सायकलला भोक पाडायचं न्हाई आन् जाळ लावायचा न्हाई. उद्या तुझं हे न्हाई चाललं, तर सायकल परत सायकल झाली पायजे." म्हणजे वेल्डिंग बाद. तसंही वेल्डिंगवाल्याला द्यायला काय होतं आमच्याकडं? आणि जाळ या शब्दाचीच आमच्या घराला धास्ती. कापसाच्या घरात चूल मागच्या अंगणात, बिडीवाल्याला उंबऱ्याबाहेर उभं करायचं, उदबत्तीसुद्धा पाण्याच्या वाटीत. मग मी बसले डोकं खाजवत. परवा माझ्या नातीनं मोबाईलवर एक पोरगा दाखवला, असाच सायकलला इंजिन लावतोय, बिनवेल्डिंगचं, जुन्या जमान्यातल्या फटफटीसारखं. सगळे भाग खोक्यातून येतात, खोक्यात चित्र असतं, कुठला बोल्ट कुठं. मी म्हटलं, अगं याला काय अक्कल लागते? ती म्हणाली, दादी, तुला सगळ्यातच खोट दिसते. दिसते बाई, काय करू.

मी बाभळीची एक जाड फळी घेतली. ती सायकलच्या मागच्या चाकावर, कॅरिअरच्या जागी, पुढच्या टोकाला दाराच्या बिजागरीनं बसवली, म्हणजे मागचं टोक वर-खाली व्हायचं. बिजागरी सीटखालच्या नळीला धरून ठेवायला शेतातल्या पाइपाचे यू-बोल्ट, आणि नळीचा रंग जाऊ नये म्हणून मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी. फळीवर इंजिन. पंखा काढून टाकला आणि त्याच्या जागी इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर एक रूळ बसवला, तो टायरवर टेकला की चाक फिरवणार. पहिला रूळ मी लाटण्याचा केला. आमच्या अम्मीचं चांगलं शिसवी लाटणं! तिला कळलं तेव्हा ते धूर सोडत होतं. तिनं मला लाटणं नव्हतं म्हणून पळीनं मारलं. मग आब्बा आणि मी पॅसेंजरनं दौंडला गेलो, भंगार बाजारात. तिथं एक खाचा पाडलेला लोखंडी रूळ मिळाला, कशाचा होता देव जाणे, आणि एका लेथवाल्यानं त्याला आतून माप धरून दिलं. फळी उचलून धरायला एक स्प्रिंग, आणि खाली दाबायला एक दांडा. दांडा दाबून आकड्यात अडकवला की रूळ टायरला चिकटायचा आणि गाडी पळायची. बंद करायला इंजिनाच्या कुशीत एक खटका.

दौंडहून येताना आब्बा गाडीत अचानक म्हणाले, "करायचीच तर तशी कर." तशी म्हणजे कशी? तर त्यांच्या लहानपणी दौंडच्या रेल्वे कॉलनीत एका गार्डाकडं एक जुनी विलायती फटफटी होती, काळी, सोनेरी रेघ मारलेली, पुढं ताटाएवढा गोल दिवा, लांब शिंगांसारखं हँडल. आब्बा पोरं-पोरं जमून तिला नुसते बघायला जायचे. हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की माझ्या आब्बांना कधीतरी काहीतरी हवंसं वाटलं होतं. मग काय, ट्रॅक्टरचा फुटका दिवा आला, तो लागायचा नाही पण दिसायचा झकास. काळा रंग आला. सोनेरी रेघ आब्बांनी स्वतः मारली, जीभ दातात धरून. अम्मीनं लाटण्याचा राग सोडून सीटची गादी शिवली, आत एक नंबरचा कापूस. माणसांच्या सोफ्यांना नसेल इतकी मऊ सीट त्या सायकलला होती.

गाडी चालली. मी चालवली, कालव्यापर्यंत आणि परत, ओढणी कमरेला बांधून. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या, पोरं मागं धावत होती. असा आनंद मला लग्नात पण झाला नाही. माझे मिस्टर वाचतील तर वाचू देत. आब्बांना मी सगळं शिकवलं, दोरी, दांडा, खटका, आणि पुन्हा पुन्हा बजावलं, "आब्बा, बंद पडली तर फक्त दोरी ओढा. इंजिनाला हात लावू नका. मला कळतं त्यातलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आब्बा टर्रर्र करत गेले आणि संध्याकाळी ढकलत आले. घामानं चिंब, गुडघ्यानं लंगडत. "केडगाव फाट्याच्या अलीकडंच बसली. दोरी ओढून हात गेला." मी गाडी घेतली, फू करून इंजिनावरची पिंज उडवली, ओढणीच्या टोकानं पुसलं, प्लग काढला, बघितला, लावला, दोरी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू! आब्बा बघतच राहिले. "आता गं कशी?" म्हटलं, कचरा असेल पेट्रोलात. दुसऱ्या दिवशी पेट्रोल गाळून घातलं. आब्बा पुन्हा ढकलत आले. मी पुन्हा फू केलं, पुसलं, कार्बोरेटर खोलला, लावला, ओढली दोरी. टर्रर्र.

आता तुम्हीच सांगा, माणसानं काय समजायचं? माझ्या हाताखाली गाडी शहाण्यासारखी चालायची आणि आब्बा बसले की रस्त्यात आडवी. अख्ख्या गल्लीनं डोकं लावलं. शेजारच्या काकूंनी लिंबू-मिरची बांधली, अम्मीनं दर्ग्याचा दोरा बांधला, दोन्ही एकाच हँडलला, कुणाचा राग नको म्हणून. गॅरेजवाला म्हणाला, आब्बांचं वजन जास्त होतंय. आब्बांचं! वाऱ्यानं उडतील असे आब्बा. एक जण म्हणाला चढ आहे, तर जाताना उतार होता तिथंच ती बंद पडायची. मी इंजिन इतक्यांदा खोललं, की डोळे मिटून जोडता आलं असतं. प्रत्येक वेळी खोलायच्या आधी स्वच्छ करायचं हा माझा बाणा, आणि प्रत्येक वेळी आत सगळं ठीक. मला काही म्हणता काही कळेना. झोपेत सुद्धा मी दोरी ओढायची म्हणे, अम्मीची वेणी धरून.

आणि मग माझ्या मनात ते आलं. आब्बांना गाडी चालवायचीच नसेल तर? लाजत असतील, किंवा भीत असतील. किंवा दमले असतील आणि शिरूरलाच जायचं असेल, फक्त मला सांगवत नसेल. केडगावपर्यंत जायचं, खटका दाबायचा, आणि ढकलत यायचं. एकदा हे डोक्यात शिरलं की जाईना. एका संध्याकाळी ते ढकलत आले, मी दोरी ओढली, गाडी सुरू झाली, आणि मी बोलून गेले, "तुम्हाला चालवायचीच न्हाई आब्बा, सरळ सांगा की. ढकलायची नाटकं कशाला?"

आमच्या घरात बोलणं मराठीतच, फक्त आब्बा फार चिडले की हिंदीवर जायचे. ते हिंदीवर गेले. "मैं झूठ बोलता क्या? ये घुटने देख मेरे!" आणि पायजमा वर करून त्यांनी गुडघे दाखवले. सुजून नारळासारखे झाले होते. कापसाच्या गाठोड्यावर बसून ते दुसरीकडं तोंड करून बसले. अम्मी माझ्यावर ओरडली, मग आब्बांवर ओरडली, मग इंजिनावर. त्या दिवसापासून आब्बा माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. पण गाडी रोज नेत राहिले! इंजिनाचं ओझं अंगावर घेऊन. मी म्हटलं, काढून टाकते, नुसती सायकल न्या. तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." का नेत होते? मला खोटं पाडायला, की स्वतःला खरं करायला? मी इतकी गोंधळले होते, की मला त्यांचा राग येत होता आणि त्यांची दया येत होती, आणि दोन्ही एकाच घासाला.

दिवाळी झाली. मामांचा निरोप आला, उद्या येतो. ते येणार त्याच दिवशी आब्बांना भिवाआप्पांच्या वस्तीवर काम होतं, आणि उशांची टापरं पोचवायला मीही जाणार होते. आब्बा पुढं फटफटीवर गेले, मी मागून जीपनं. वस्तीवर पोचले तर आब्बा नुकतेच ढकलत आत शिरत होते. ओट्यावर आप्पांची बायको उभी होती, सगळे त्यांना नानी म्हणायचे. नानींचं घर म्हणजे आरसा. सारवलेल्या अंगणात धान्याचा दाणा दिसला तरी वाकून उचलायच्या. त्यांनी नेहमीसारखं आब्बांना ओट्याखालीच थांबवलं.

"पिंजारीमामा, आधी झटका, मग बसा."

आब्बांनी उपरणं झटकलं. कालची, परवाची, कुठल्या-कुठल्या गावांची पिंज हवेत उडाली. नानी फटफटीकडं बघून म्हणाल्या, "आन् हिला पन झटका की. ही बगा की कशी, माकडाच्या पोटागत केसाळ झालीय."

मी वाकून बघितलं. इंजिनाला हवा आत ओढायचं तोंड होतं, जाळीचं, ते पुढं, आब्बांच्या पाठीकडं. त्या जाळीवर पांढरा थर. चांगला जाड, दाबून बसलेला, गादीत घालावा असा. मी नेहमीसारखं फुंकर मारायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

कारण त्या लख्ख अंगणात मला आयुष्यात पहिल्यांदा कापूस दिसला. घरी मी रोज हेच करत होते! फू, आणि ओढणीनं पूस. रोज मी गाडी दुरुस्त करत होते आणि त्याच्यानंतर आत काय बिघडलंय ते शोधत होते. आब्बांच्या अंगावरून, पिंजणीवरून उडालेली पिंज मागं इंजिन ओढून घ्यायचं, श्वास कोंडायचा, आणि बसायचं. मी कालव्यापर्यंत जायची, न्हाऊन, धुतलेल्या कपड्यात. आणि आब्बांनी एकदा जरी फुंकर मारली असती तरी चाललं असतं. पण हात लावायचा नाही, हे मीच बजावून सांगितलं होतं. मला हसू आलं, मग रडू आलं. नानी घाबरल्या, म्हणाल्या, "अगं, मी आपलं सहज म्हनले!"

आब्बांना सांगितलं. त्यांनी जाळीवरचा थर बोटानं उचलला, चोळून बघितला आणि म्हणाले, "पाटसचा हाय. त्या पाटलीणबाईच्या उशीचा." आणि मग माझ्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी सरळ बघितलं. ते म्हणाले, "मग आता?" मी नानींकडून चहाची जुनी गाळणी मागून घेतली, तिच्यावर आप्पांच्या फाटक्या धोतराची मलमल ताणली आणि तारेनं त्या तोंडावर बांधली. आब्बांनी नानींच्या अंगणाबाहेर जाऊन अंग असं झटकलं, की कोंबड्या पळाल्या. काम आटोपल्यावर पुन्हा झटकलं. दोरी ओढली, दांडा अडकवला, आणि गेले. मला आप्पांच्या भाजीच्या टेम्पोनं यवतला सोडलं. वाटेत आम्ही आब्बांना मागं टाकलं. उपरणं मागं फडफडतंय, पुढं तो न लागणारा दिवा, आणि आब्बा ताठ. दौंडच्या गार्डाला सुद्धा तसं बसता आलं नसेल.

घरी मामा येऊन बसले होते, चहा पीत. मी सांगायला सुरुवात केली, तोवर लांबून आवाज आला. टर्रर्र. अम्मी मागच्या अंगणातून पिठाच्या हातानं धावत आली. गाडी चालू असताना घराकडं येण्याचा तो आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. आब्बा वळणावर दिसले. जवळ आले. दारासमोर आले. आणि पुढं निघून गेले.

"शमेऽऽ! बंद कशी करायचीऽऽ?"

आईशप्पथ! गाडी रोज आपोआपच बंद पडायची. खटका त्यांना कधी लागलाच नव्हता, शिकवलेलं सगळं विसरून गेले होते. दांडा आकड्यात अडकलेला, आणि पिंजण मध्ये आल्यानं हात मागं पोचेना. ब्रेक दाबला तर इंजिन आणखीच बोंबलायचं. बाजारतळाला वळसा घालून ते परत आले. आख्खी गल्ली दारात. कुणी म्हणतंय उडी मारा, कुणी म्हणतंय गवतात घाला. अम्मी खाली बसून हसत होती, डोळ्यांतून पाणी, सगळ्या तोंडाला पीठ. मी ओढणी खोचली आणि त्यांच्याबरोबर पळत सुटले, एक हात सीटवर, दुसरा इंजिनाखाली, आणि बोटं भाजत भाजत खटका दाबला. फटफटी थांबली. आब्बा उतरले, मला धरून उभे राहिले, आणि ते सुद्धा हसत होते, धापा टाकत. त्यांचं हसणं माझ्या खांद्याला लागत होतं.

मामा सज्जन माणूस. त्यांनी आब्बांना पाणी दिलं आणि म्हणाले, "म्हंजी दाजी, तुमी आता येत न्हाई म्हना की."

"न्हाई," आब्बा म्हणाले. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी अम्मीकडं बघितलं.

आब्बांनी तांब्या खाली ठेवला. "तुझं यंत्र चालतं का रे?"

"कुठलं दाजी. चार दिस चालतंय, आठ दिस बसतंय. मिस्त्री पुण्याहून यीस्तोवर गिऱ्हाईक दुसरीकडं."

"मग माझा काय उपेग? मला तातेतलं कळतं. हिला ने. शमीला."

अम्मी म्हणाली, "पोरीला? यंत्रावर? लोकं काय म्हनतील?" आब्बा म्हणाले, "आत्ता काय म्हनत व्हती, ऐकलंस न्हवं? मामाचं घर हाय, मामी हाय. रातच्याला घरात, दिवसा यंत्रापाशी. हितं ठिवून काय करायचं तिचं? लोकांची शिलाईची यंत्रं पुसायची?" मामा आधी हसले. मग माझे काळे हात बघितले आणि हसायचे थांबले.

मला कुणी विचारलंच नाही. मी पडवीत उभी, भाजलेली बोटं तोंडात, आणि मला कळेना की माझं कौतुक चाललंय की मला घराबाहेर काढताहेत. घर यवतला राहावं म्हणून मी हे सगळं केलं होतं. घर राहिलं. मीच निघाले. आजही शिरूरच्या माझ्या कारखान्यात पोरी पिंजायच्या यंत्रांवर काम करतात, लोक येऊन फोटो काढतात, सत्कार-बित्कार करतात, आणि मी स्टेजवर बसून मनात म्हणते, मला जायचं नव्हतं हो. ते सांगितलं तर कार्यक्रमाचा विचका होईल म्हणून सांगत नाही. आणि आता कुणी म्हणालं, की परत ये यवतला, तर मी जाणार आहे का? मुळीच नाही. म्हणजे मला हवं तरी काय होतं, ते अजून मला नीट सांगता येत नाही.

शिरूरची एसटी हायवेच्या थांब्यावर यायची. आब्बांनी मला फटफटीवर मागं बसवून नेलं नाही, फळीवर इंजिन होतं, बसायला जागाच नव्हती. मामा ट्रंक घेऊन जीपनं पुढं गेले आणि आम्ही दोघं गाडी हातात धरून चालत निघालो. मी वाटभर रागानं पुढं बघत गाडी रेटत होते. एसटी दिसली तेव्हा मात्र राहवलं नाही.

"आब्बा, माझं काय चुकलं?"

त्यांनी माझ्या खांद्यावर फुंकर मारली, पिंज नव्हती तरी. म्हणाले, "चुकली असतीस ना शमे, तर ठिवून घेतली असती."